पाचपैकी तीन

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: वय ३६, याच कंपनीत ११ वर्षं, दरवर्षीच्या अप्रेझलमध्ये पाचपैकी तीन. साहेब म्हणतात, "तुझ्यात पोटेन्शियल आहे, पण भूक नाही." बरोबरीचे दोघं वर गेले, एकाने कंपनी बदलली. तुम्हाला मात्र सहाच्या ठोक्याला मशीन बंद करून निघताना बरं वाटतं. मागे राहिल्याचं वाईट वाटत नाही, आणि वाईट वाटत नाही याचंच आता वाईट वाटायला लागलंय. हा आळस, आजार की समाधान, असं तुम्ही विचारलंय.

उत्तर द्यायचा माझा अधिकार काय, ते आधी सांगतो. नोकरीला २९ वर्षं झाली. अप्रेझलं झाली २८, कारण पहिल्या वर्षी प्रोबेशनवर होतो. त्यांत चोवीस वेळा तीन, तीनदा चार आणि एकदा दोन. चारांपैकी एक चार टायपिंगची चूक होती. ती कुणाच्या लक्षात आली नाही आणि मीही आणून दिली नाही. गेली चौदा वर्षं मी टेबलाच्या पलीकडेही बसतो, म्हणजे इतरांना आकडे देतो. तेव्हा या विषयातला तज्ज्ञ म्हणवून घ्यायला हरकत नसावी. थोडा संकोच वाटतो खरा, कारण कशात तरी तज्ज्ञ होणं हेच मुळात या विषयाच्या तत्त्वात बसत नाही.

आता तो तीन जन्माला कुठे येतो ते बघू. तुम्हाला वाटत असेल की साहेबांनी वर्षभर तुमच्याकडे बारकाईने पाहिलं, दोन रात्री विचार केला आणि जड मनाने तीन दिला. छे. आकडा ठरतो तो कॅलिब्रेशनच्या मीटिंगमध्ये. बंद खोली, सात मॅनेजर, भिंतीवर एक्सेलची शीट, शीटमध्ये ४२ नावं. एचआरच्या बाई सुरुवातीलाच बजावतात: पाच दोघांनाच, चार सातजणांना, आणि तळाला एक-दोनमध्ये किमान चौघं तरी दिसले पाहिजेत, बेल कर्व्ह बसला पाहिजे, म्हणजे दोन्ही टोकांना थोडे आणि मध्ये गर्दी. वेळ तीन तास. त्यातला दीड तास 'पाच कुणाला' यावर जातो, कारण प्रत्येक मॅनेजर आपापला घोडा घेऊन आलेला असतो. एक तास तळाच्या चौघांवर जातो, कारण तिथे पुरावे लागतात. उरले २९ जण आणि अर्धा तास. नाव वाचलं जातं, कुणीतरी "तीन ना?" म्हणतं, कुणीतरी फोनमधून डोकं वर न काढता मान हलवतं, कर्सर खाली सरकतो. एकदा मी घड्याळ लावून पाहिलं. एका गृहस्थांचं अख्खं वर्ष अकरा सेकंदांत आटोपलं.

तीन मिळाला याचा अर्थ एवढाच, की त्या खोलीतल्या सात जणांपैकी एकालाही तुमच्यावरून भांडावंसं वाटलं नाही. विचार केलात तर हे काही लहानसहान सुख नव्हे.

आकड्याखालचा शेरा मॅनेजर लिहितो. माझा ठरलेला शेरा आहे: 'कामात सातत्य. टीममध्ये मिळूनमिसळून असतात. पुढाकार वाढवण्यास वाव.' हा मी एकदा मन लावून लिहिला आणि मग चौदा वर्षं चिकटवत आलो. एका वर्षी गडबडीत एका मिशाळ गृहस्थांच्या फॉर्मवर 'तिने संवादकौशल्य सुधारावे' असं गेलं. त्यांनी ते न वाचता सही केली. माझ्या साहेबांनी न वाचता सही केली. एचआरने शिक्का मारला. आजही ते रेकॉर्डवर आहे. हे गृहस्थ तीन मिळाला म्हणून त्या रात्री झोपले नव्हते, असं मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेव्हा मात्र मला मनापासून लाज वाटली. ज्या कागदासाठी त्यांची झोप उडाली तो कागद कुणीच वाचलेला नव्हता.

ही काही माझ्या एकट्याची तक्रार नाही. एडवर्ड्स डेमिंग नावाचे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ होते. १९५० पासून जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देऊन त्यांनी नाव कमावलं. ते आपल्या व्याख्यानांत एक खेळ करत. एका पेटीत हजारो मणी, त्यातले ८० टक्के पांढरे आणि २० टक्के लाल. श्रोत्यांतून सहा जणांना 'कामगार' म्हणून बोलवायचं. हातात ५० खळगे असलेली एक फळी द्यायची. ती पेटीत बुडवून बाहेर काढायची, की ५० मणी येतात. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे खराब. गिऱ्हाईकाला लाल नको आहेत, तेव्हा लाल काढू नका, एवढीच सूचना.

आता ५० मण्यांत सरासरी १० लाल येणार, कधी पाच, कधी पंधरा. कामगाराने फळी तिरकी धरली काय, डोळे मिटून धरली काय, त्याच्या हातात काही नाही. पण डेमिंग गंभीर चेहऱ्याने मुकादमाची भूमिका करत. सहा लाल काढणाऱ्याचं कौतुक, चौदा काढणाऱ्याची खरडपट्टी. दुसऱ्या 'दिवशी' कौतुक झालेल्याचे अकरा आले, की "यश डोक्यात गेलं." चौदावाल्याचे नऊ आले, की "बघा, बोललो म्हणून सुधारला!" तिसऱ्या दिवसानंतर तळाच्या तिघांना काढून टाकत आणि वरच्या तिघांना डबल शिफ्ट देत. चौथ्या दिवशी त्या निवडक तिघांचे लाल मणी पुन्हा पूर्वीइतकेच. सभागृह हसून हसून लोळायचं, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक आपापल्या ऑफिसात जाऊन अप्रेझलचे फॉर्म भरायचे.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आठवलं ते आमचंच एक वर्ष. त्या वर्षी एकीला पाच मिळाला, कारण तिच्या वाट्याला आलेला क्लायंट शहाणा होता. दुसरीला दोन मिळाला, कारण तिच्या क्लायंटच्या कंपनीतच भाऊबंदकी चालली होती. दोघी सारख्याच कष्टाळू. पुढच्या वर्षी क्लायंट अदलाबदल झाले, आकडेही अदलाबदल झाले. आणि आम्ही सातही मॅनेजर गंभीरपणे म्हणालो की एक घसरली आणि दुसरीने मनावर घेतलं.

याला संख्याशास्त्रात नावही आहे, आणि तुम्हाला ते आवडेल. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने आई-वडिलांची आणि त्यांच्या ९२८ मोठ्या झालेल्या मुलामुलींची उंची तपासली. फार उंच आई-वडिलांची मुलं उंच असतात, पण तितकी नाही. फार बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी नाही. सगळ्यांचा ओढा मध्याकडे. १८८६ साली त्यांनी त्यावर निबंध छापला, आणि या ओढ्याला शीर्षकातच जे नाव दिलं त्याचा मराठीत सरळ अर्थ होतो 'सामान्यपणाकडे परतणे'. नंतरच्या लोकांना ते बहुधा लागट वाटलं असावं, त्यांनी 'सरासरीकडे' असं सौम्य करून घेतलं. मला मूळ नाव जास्त आवडतं. घरी परतल्यासारखं वाटतं.

साहेबांच्या ओरडण्याचा 'गुण' येतो तोही यामुळेच. डॅनियल काहनेमन या मानसशास्त्रज्ञांना इस्राएलच्या हवाई दलातल्या एका प्रशिक्षकाने ठामपणे सांगितलं होतं की शाबासकी दिली की पोरं पुढच्या वेळी बिघडतात आणि झापलं की सुधारतात. खरं तर अप्रतिम उड्डाणानंतरचं उड्डाण साधारणच असायचं आणि भयंकर उड्डाणानंतरचं त्यातल्या त्यात बरं. मध्ये कुणी काही बोललं असतं किंवा नसतं तरी. जगातल्या निम्म्या साहेबांचा आत्मविश्वास या एका गैरसमजावर उभा आहे, असं माझं मत आहे.

हां, पण इथे तुम्ही म्हणाल, "म्हणजे कामात फरक नसतोच की काय?" असतो. मणी हा खेळ आहे, माणसं मणी नाहीत. आमच्याकडे दोन-तीन जण खरोखर असे आहेत की त्यांनी हात लावला की काम सुटतं, आणि एक असा आहे की त्याने हात लावू नये म्हणून आम्ही नवस बोलतो. या दोन टोकांबद्दल कुणाच्या मनात शंका नसते. घोळ आहे तो मधल्या आपल्यासारख्यांचा. तिथे तीन आणि चार यांतला फरक बराचसा क्लायंटचा, वेळेचा, आणि त्या मीटिंगमध्ये आपला साहेब किती दमलेला होता याचा असतो.

आता माझ्या एका खऱ्या चाराची गोष्ट. दर महिन्याला एक रिपोर्ट असायचा, बारा शाखांचे आकडे गोळा करून एकत्र लावायचे, दोन दिवस जायचे. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी माझ्या अंगात उत्साह संचारला. तीन आठवडे रात्री जागून मी एक्सेलमध्ये मॅक्रो, म्हणजे हे सगळं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिला. बटण दाबलं की सहा मिनिटांत रिपोर्ट तयार. साहेबांना दाखवलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवून "व्वा!" म्हटलं. आयुष्यातला तो एकमेव 'व्वा'.

पुढच्या महिन्यात माझे दोन दिवस मोकळे झाले असं तुम्हाला वाटेल. झालं असं, की मला आणखी तीन विभागांचे रिपोर्ट मिळाले. मग मॅक्रो दुसऱ्या कुणाच्या मशीनवर चालेना, म्हणून मला बोलावणी येऊ लागली. मग कुणाची एक्सेलची कुठलीही फाइल अडकली की, "त्याला विचारा." मग प्रिंटर. एक्सेलचा आणि प्रिंटरचा संबंध काय, हे मी आजवर कुणाला समजावू शकलेलो नाही. त्या वर्षी चार मिळाला. पुढच्या वर्षी तीन, कारण 'मूळ जबाबदाऱ्यांकडे दुर्लक्ष'. लष्कराच्या भाकऱ्या भाजून झाल्यावर लष्कर विचारतं, की तुमच्या स्वतःच्या चुलीचं काय झालं?

यातून मी एक गोष्ट शिकलो, ती कुठल्याही ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत. नवीन काही येत असेल तर ते येतं हे किती जणांना कळू द्यायचं, याचा आधी विचार करावा. पुढे मी मॅक्रो लिहायचं सोडलं नाही. रिपोर्ट आजही सहा मिनिटांत होतो. फक्त मी तो दुसऱ्या दिवशी दुपारी पाठवतो. वेड पांघरून पेडगावला जायचं, तर पांघरूण नीट अंगभर ओढून घ्यावं.

उत्साही माणसाची दुसरी गत म्हणजे प्रमोशन. लॉरेन्स पीटर या शिक्षणतज्ज्ञाने १९६९ मध्ये एक नियम मांडला: उतरंडीत जो तो आपल्या अकार्यक्षमतेच्या पायरीपर्यंत चढत जातो आणि तिथेच थांबतो. मांडला थट्टेत, पण २०१९ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी शंभराहून अधिक अमेरिकन कंपन्यांमधल्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासून तो बराचसा खरा ठरवला. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना मॅनेजर व्हायची संधी जास्त मिळत होती, आणि ते मॅनेजर झाले की त्यांच्या हाताखालच्यांची विक्री मात्र घसरत होती. आमच्याकडे एक अफलातून प्रोग्रामर होता. त्याला टीम लीड केला. आता तो दिवसभर लोकांच्या रजा मंजूर करतो आणि रात्री चोरून कोड लिहितो, जसं कुणी पथ्यावर असताना मध्यरात्री फ्रिज उघडावा. परवा लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "तुझं बरं आहे." हे वाक्य मला वर गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी ऐकवलंय.

तुमच्या साहेबांना कधी वाद घालावासा वाटला, तर हे गणित हाताशी ठेवा. डेन्मार्कमधले अॅग्नर एर्लांग टेलिफोन कंपनीसाठी काम करत. एक्सचेंजवर किती लाइन ठेवल्या म्हणजे लोकांचा खोळंबा होणार नाही, या प्रश्नातून त्यांनी १९०९ मध्ये रांगांच्या शास्त्राचा पाया घातला. त्यातला एक साधा हिशोब असा. कामं कधीही येतात आणि कुठल्या कामाला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही, असं धरा. एका कामाला सरासरी दोन तास लागतात. माणसाचा निम्मा वेळ भरलेला असेल, तर नव्या कामाला सरासरी दोन तास थांबावं लागतं. ८० टक्के वेळ भरला, की आठ तास. ९० टक्क्यांना अठरा तास. ९५ टक्क्यांना अडतीस, म्हणजे कामाचा जवळपास आख्खा आठवडा. माणूस तोच, वेग तोच. फक्त त्याच्या दिवसातली फट बुजली.

म्हणून आमच्या ऑफिसात कुणाला खरंच काही लवकर हवं असेल तर तो पाचवाल्याकडे जात नाही. पाचवाल्याकडे काम दिलं की ते महिनाअखेर येतं, उत्कृष्ट स्वरूपात, उपयोग संपल्यावर. लोक माझ्याकडे येतात. मी उद्या देतो, बऱ्यापैकी. सहा वाजता मशीन बंद करता येणं ही त्या फटीची खूण आहे. फट असलेली माणसं नसती तर ऑफिस कधीच ठप्प झालं असतं. अर्थात हे अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहायला रकाना नाही.

समाधानाबद्दल बोलायचं, तर त्याला नोबेलचा आधार आहे. हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये दाखवलं की माणूस प्रत्येक वेळी सर्वोत्तम शोधत बसत नाही. पुरेसं बरं सापडलं की थांबतो, आणि मर्यादित वेळ, मर्यादित डोकं असलेल्या प्राण्याने हेच करणं शहाणपणाचं आहे. आपण याला 'भागतंय' म्हणतो. सायमन यांना १९७८ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. 'भागतंय' या एका शब्दावर इतकी वर्षं इतकी उत्कृष्ट मेहनत घेणं हा विरोधाभास त्यांना जाणवला असेल का, कोण जाणे.

पण मी तुम्हाला फसवणार नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन कॉलेजांतून बाहेर पडण्याच्या बेतात असलेले, नोकरी शोधणारे विद्यार्थी घेतले होते. 'सर्वोत्तमच हवं' म्हणणाऱ्यांना 'पुरेसं बरं चालेल' म्हणणाऱ्यांपेक्षा सुरुवातीचा पगार सरासरी २० टक्के जास्त मिळाला. मात्र मिळालेल्या नोकरीबद्दल ते कमी समाधानी होते. आपले लोक यातला उत्तरार्ध मोठ्याने वाचतात. पूर्वार्धही वाचा. वीस टक्के म्हणजे वीस टक्के. माझ्याबरोबर लागलेले दोघं आज माझ्या दुपटीहून जास्त कमावतात, आणि ते रडत बसलेत असं काही नाही. एक तर चांगलाच मजेत आहे. मधल्या रांगेचं तिकीट फुकट मिळत नाही. ते परवडत असेल, घरच्यांशी त्यावर बोलणं झालं असेल, तर खुशाल बसा. घरच्यांना न सांगता त्यांच्या वतीने आपणच समाधानी होऊन बसायचं, हे काही बरं नाही.

आणि आपल्या सामान्यपणाची जाहीर वकिली कुणाला करू देऊ नका. १९७० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी हॅरोल्ड कार्सवेल यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं. टीका झाली की हे गृहस्थ न्यायाधीश म्हणून अगदीच सुमार आहेत. त्यावर त्यांची बाजू घ्यायला रोमन हृस्का नावाचे सिनेटर धावले. त्यांचा युक्तिवाद असा, की असतील सुमार, पण देशात सुमार माणसं पुष्कळ आहेत, त्यांनाही थोडं प्रतिनिधित्व नको का? इतिहासात आपल्या जमातीला मिळालेला हा बहुधा एकमेव वकील. सिनेटने ५१ विरुद्ध ४५ मतांनी कार्सवेल यांना घरी पाठवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची ती यासाठीच.

मूठ झाकायची कशी? ही खरी कारागिरी, आणि यात मी चोवीस तीन खर्ची घातले आहेत. मीटिंगमध्ये साहेबांच्या शेजारी बसू नये, दाराजवळही बसू नये. एकदाच बोलावं, उत्तरार्धात बोलावं, आणि "याची टाइमलाइन काय धरायची?" असं विचारावं. हा प्रश्न कुठल्याही विषयाला चालतो, विचारणारा गंभीर दिसतो आणि उत्तर देणारा दुसरा असतो. मेलला त्याच दिवशी उत्तर द्यावं, मग ते 'बघून सांगतो' एवढंच का असेना. सामान्य माणसाची अर्धी इभ्रत यात आहे. दिलेल्या तारखेच्या एक दिवस आधी काम द्यावं. दोन दिवस आधी दिलं तर पुढची तारीख दोन दिवसांनी अलीकडे येते. आणि एक असं काम आपलं करून ठेवावं जे कुणालाच नको असतं. माझ्याकडे वर्षअखेरीची जुळवाजुळव आहे: दोन सिस्टिमचे आकडे जुळत नाहीत ते शोधायचं. अत्यंत कंटाळवाणं काम. गेल्या दोन कपातींत वरच्या रांगेतले महागडे लोक गेले, खालच्या रांगेतले गेले, माझं नाव निघालं तेव्हा कुणीतरी विचारलं, "मग जुळवाजुळव कोण करणार?" आणि कर्सर खाली सरकला.

स्वतःचं मूल्यमापन स्वतः भरायचं असतं तिथे बहुतेक जण स्वतःला चार देतात. बिचाऱ्यांचा दोष नाही. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकन वाहनचालकांच्या गटातल्या ९३ टक्के जणांनी स्वतःला गाडी चालवण्यात मधल्या चालकापेक्षा सरस ठरवलं होतं. मी स्वतःला तीन देतो. साहेब एकदम सैल होतात. दिवसभर लोकांचे चार कापून तीन करताना त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो. माझ्यापाशी त्यांना पाच मिनिटं विश्रांती मिळते. ते मला मुलांबद्दल विचारतात.

आता तो एक दोन. हा किस्सा मी सहसा सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्यात आहे.

एका वर्षी इन्क्रिमेंटची पत्रं काढायचं काम माझ्याकडे होतं. मेल मर्ज. एका शीटमध्ये नावं, दुसऱ्या शीटमध्ये पगाराचे आकडे, दोन्ही जोडायच्या आणि पाठवा म्हणायचं. मी नावांच्या शीटमधून नोकरी सोडून गेलेल्या एकाची ओळ काढली आणि आकड्यांच्या शीटमधून काढायला विसरलो. त्या ओळीच्या खालचं सगळं एकाने सरकलं. पाठवण्याआधी मधली दोन पत्रं उघडून बघायची, हा नियम मला माहीत होता. सहा वाजायला दहा मिनिटं होती. "भागतंय," म्हटलं, आणि बटण दाबलं.

६१ जणांना यादीत आपल्या वरच्या माणसाचा पगार गेला. सात वाजेपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे पगार कळले होते. सारख्याच कामाला एकाला किती आणि दुसऱ्याला किती, हे वर्षानुवर्षं शेजारी बसलेल्यांनी एकमेकांच्या स्क्रीनवर वाचलं. दोघं जण त्यानंतर एकमेकांशी बोललेले मी पाहिले नाहीत. एकीने दोन महिन्यांत राजीनामा दिला. तिला काहीतरी कमी मिळतंय याचा संशय होता, मी तिला पुरावा पुरवला. त्या वर्षी साहेबांनी दोन दिला. माझ्या अठ्ठावीस आकड्यांत नशिबाचा, क्लायंटचा, दमलेल्या साहेबाचा जराही हात नसलेला तेवढा एकच आहे.

तर 'भागतंय' कुठे म्हणायचं आणि कुठे नाही, हे तुम्ही आधी ठरवा. प्रेझेंटेशनचा रंग, रिपोर्टचं मुखपृष्ठ, तिमाही व्हिजनच्या मीटिंगमधला सहभाग, यांत तीनच्या वर जाणं म्हणजे उगाच शक्ती घालवणं. पण जिथे आपल्या चुकीचं बिल दुसऱ्याच्या नावावर फाटतं, म्हणजे कुणाचा पगार, कुणाची सुरक्षितता, कुणाचं औषध, कुणाची रजा, तिथे तीन चालत नाही. तिथे पाचच लागतो, आणि तो कुणी देत नाही. तो आकडा शीटवर येतच नाही, कारण काही बिघडलंच नाही तर कुणाला काय दिसणार?

तुमच्यापुरतं सांगायचं, तर मी माझ्या टीममधल्यांना पाहताना एक खूण धरतो. दुसऱ्या कुणी तुमचं काम ढिसाळपणे केलेलं पाहिलंत, तर बोटं शिवशिवतात का? शिवशिवत असतील तर तुम्ही समाधानी आहात, आळशी नाही. काहीच वाटत नसेल, कुणी कसंही केलं तरी सारखंच, तर प्रश्न महत्त्वाकांक्षेचा नाही, तुम्ही त्या कामाला विटलात, आणि त्यावर औषध वेगळं आहे: काम बदलून घ्या. आणि जर असं असेल, की वर जायचंय, पण मागितलं आणि नाही म्हणाले तर काय, म्हणून 'मला नकोच' म्हणताय, तर तेही स्वतःशी कबूल करा. मी पाच-सहा वर्षं हेच करत होतो. मग एकदा धीर करून मागितलं, दिलं त्यांनी, टेबलाच्या पलीकडची खुर्ची मिळाली, आणि कळलं की तिथेही मी तीनच आहे. तेव्हापासून झोप चांगली लागते.

साहेबांच्या 'भूक नाही'ला उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. पुढच्या वेळी शांतपणे विचारा, "कुठल्या कामात कमी पडलो ते सांगा, तेवढं दुरुस्त करतो." नव्वद टक्के वेळा ते एखादं काम सांगू शकत नाहीत. दहा टक्के वेळा सांगतात, आणि तेव्हा बहुतेक ते बरोबर असतात. ते वहीत लिहून घ्या आणि खरंच दुरुस्त करा.

आमचे फॉर्म याच आठवड्यात भरायचे आहेत. माझा भरून झाला, स्वतःला तीन. टीममधल्या नऊ जणांचे बाकी आहेत. शेरा गेल्या वर्षीचाच चिकटवतोय, फक्त प्रत्येकाचा उघडून 'तो' की 'ती' एवढं तपासतोय. सहाला दहा कमी आहेत, पण आज साडेसहा होतील असं दिसतंय.